कोणता रकाना

कार्डावर तीन रकाने होते.
साधी. सखोल. संपूर्ण.
प्रत्येकाखाली चौरस फुटाचा भाव
आणि अगदी बारीक टायपात: पंखे वेगळे, माळा वेगळा.
छत्तीस वर्षं सूतगिरणीचा जमाखर्च लिहिला मी,
बारीक अक्षर आधी वाचतो.

गावाचं नाव धुळे. त्यावरचा विनोद
इथे आलेला प्रत्येक पाहुणा एकदा करतो
आणि आम्ही प्रत्येकासाठी नव्यानं हसतो.

कुमुद पुण्याला, लेकीच्या बाळंतपणात,
चार महिने झाले.
रविवारी कानबाई. शनिवारी ती येते.
भाऊबंद धरून सत्तावीस माणसं,
रोटाचे गहू वहिनीकडे निवडून तयार,
आणि माझ्या घरात
ठेच्याच्या फोडणीनं शिंतोडलेली भिंत,
बोअरच्या पाण्यानं पांढरे पडलेले नळ,
कूलरच्या गवतात अजून वैशाख बसलेला,
शिवाय एक कढई, जिच्याविषयी
मी कुणाशीच बोलणार नव्हतो.

म्हणून ‘संपूर्ण’वर बोट ठेवलं.
महाग ते बिनधोक, असं मला वाटतं.
डॉक्टरात, वकिलात, आता यातही.

पाहणीला आली ज्योत्स्ना बैसाणे,
देवपुरातल्या आमच्या गल्लीत स्कूटी लावून.
टेप खिशातच ठेवली. विचारलं,
घरात कोण असतं?
मी.
जेवता कुठे?
दाखवलं. टीव्हीसमोर.
झोपता?
तिथेच.
मग आतल्या खोलीत जाऊन
तिनं कपाटावरून एक बोट ओढलं, पाहिलं,
"काका, या खोलीत चार महिने कुणी आलंच नही.
इथे धूळ शे, घाण नही.
धूळ फडक्यानं जाते, तिले मशीन कशाले?"

स्वयंपाकघर आणि मोरी सखोल, ती म्हणाली,
बाकी साधी.
"माळ्याले तर हातच नका लावू.
काकू इचारतील काय कुठं गेलं,
मी निघून गेलेली असेन,
जबाब तुम्हाले द्यावा लागीन.
घर शे काका, दवाखाना नही."

मी मनात वजाबाकी केली.
चार हजार दोनशेचा फरक.
त्यावर तिची टक्केवारी असणार, पाच, फार तर आठ.
तेवढे पैसे ती माझ्या ओट्यावर सोडून उभी होती
आणि नळाची खार नखानं खरवडून बघत होती.
तिला त्याचं काही वाटलं का,
ते विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते.
मी दुसरंच विचारलं.

कानबाईचा कोपरा? चौरंग मांडतो ती जागा?
ती कोणत्या रकान्यात?

तिनं कार्ड उलटून मागची बाजू पाहिली,
खरंच पाहिली,
"ते तुमचं तुम्ही."

मला येत नाही, मी म्हणालो.
एकसष्टाव्या वर्षी
हे वाक्य माझ्याच आवाजात ऐकलं.

तिला साक्री रोडला अजून एक घर होतं.
तरी तिनं बादली भरली,
माझाच जुना बनियन बुडवून हातात दिला.
पिळा.
पिळला.
आखो पिळा, थेंब पडाले नको.
भिंतीकडून दाराकडे. मागे मागे सरका.
पुसल्यावर पाय ठेवू नका.

मी गुडघ्यांवर बसलो. फरशी थंड होती,
तिच्यावर निळसर नक्षी आहे, फुलांची,
ती कोणी निवडली होती आठवेना.
मागे सरकलो तर पाठ बादलीला लागली.
ज्योत्स्ना हसली नाही. बादली बाजूला केली,
पावती लिहिली, गेली.

एक गुडघा उमटला होता ओल्यात.
तो पुसला. मग दुसरा उमटला.

शनिवारी कुमुद आली, बॅग दारातच ठेवून
स्वयंपाकघरापर्यंत गेली, नळ सोडला, बंद केला,
कोपऱ्यापाशी जरा जास्तच वेळ थांबली.
मी पाणी घेऊन उभा.
म्हणाली,
कढई कुठंय?